तिसऱ्या घंटेआधीची वीस मिनिटं

इम्प्रॉव्हच्या प्रयोगाला संहिता नसते, पाठांतर नसतं. त्यामुळे तयारीलाही फारसं काही नसतं, असा समज बऱ्याच ग्रुपांत रुजलेला दिसतो. प्रयोगाआधीच्या अर्ध्या तासात कुणी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं असतं, कुणी माइकच्या मागे लागलेलं असतं, दोघं-तिघं कोपऱ्यात एकमेकांना विनोद ऐकवत असतात. पाच मिनिटं उरली की कुणीतरी टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा करतं. गोल होतो, उड्या मारल्या जातात, एकच गलका होतो आणि मंडळी धापा टाकत विंगेत येऊन उभी राहतात. अंगात जोर आलेला असतो, पण पहिल्याच सीनमध्ये तिघं एकदम बोलतात आणि चौथ्यानं सांगितलेलं नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही.

कॉलेजात इम्प्रॉव्हचा ग्रुप चालवणारे, नोकरी सांभाळून आठवड्यातून एकदा तालीम करणारे, छोट्या रंगमंचावर तिकीट लावून प्रयोग करणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. वॉर्म-अपचं मुख्य काम मला एकच दिसतं: प्रत्येकाचं लक्ष स्वतःवरून उचलायचं आणि जोडीदारावर नेऊन ठेवायचं. अंग मोकळं होणं, आवाज सुटणं, उत्साह येणं हे सगळं त्या ओघात होतं. कोणता खेळ घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, कुठे थांबवायचा, हे याच कसोटीवर ठरवावं.

ही कसोटी माझ्या पदरची नाही. आज जगभर इम्प्रॉव्हवाले जे खेळ खेळतात, त्यांतल्या बऱ्याच खेळांचं मूळ व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) यांच्या शिकागोमधल्या कामात आहे. नीव्हा बॉइड या समाजकार्य शिकवणाऱ्या बाईंकडून त्या मुलांचे पारंपरिक खेळ आणि लोकखेळ शिकल्या. १९३०च्या दशकात स्थलांतरितांच्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर आणि मोठ्यांबरोबर नाटक करताना त्यांनी त्या खेळांना वेगळं वळण दिलं. प्रत्येक खेळात एकच अडचण समोर ठेवायची आणि खेळणाऱ्यानं सगळं लक्ष तिच्यावरच लावायचं. लक्ष तिथे गुंतलं की ‘मी कसा दिसतोय’ हा विचार करायला मन मोकळं राहत नाही. १९६३ साली त्यांचं ‘इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर’ हे पुस्तक आलं. त्याआधीच, १९५९ साली, त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘द सेकंड सिटी’ ही शिकागोची प्रसिद्ध संस्था सुरू केली होती आणि तिथे हेच खेळ तालमीचा पाया झाले होते. दुसरीकडे कीथ जॉनस्टन यांनी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आणि पुढे कॅनडातल्या कॅल्गरीत काम करताना भीतीकडे बोट दाखवलं. चुकण्याची आणि मूर्ख दिसण्याची भीती नटाला हुशारी करायला लावते, आणि हुशारी करणाऱ्या नटाला समोरचा माणूस दिसेनासा होतो. १९७९च्या त्यांच्या ‘इम्प्रो’ या पुस्तकात हा धागा सतत येतो.

संहितेवाचून उभं राहणं आपल्याकडेही जुनंच आहे. सिंधुदुर्गातल्या पारंपरिक दशावतारात कोणतं आख्यान लावायचं ते आधी ठरतं, संवाद मात्र नट रंगमंचावर जागच्या जागी रचतात. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या समोरच्या प्रेक्षकांकडे पाहून बोलणं वाढवतो, वळवतो. पण त्या मंडळींचा एकमेकांशी वर्षानुवर्षांचा सहवास असतो. जोडीदार कुठे श्वास घेतो हेसुद्धा त्यांना माहीत असतं. शहरातले आपले ग्रुप आठवड्याला दोन-तीन तास भेटतात. त्या सहवासाचा थोडा अंश प्रयोगाआधीच्या वीस मिनिटांत उभा करायचा असतो, आणि म्हणून ती वीस मिनिटं जपून वापरावी लागतात.

सुरुवात अंगापासून करावी, पण त्यात वेळ घालवू नये. सगळ्यांनी गोलात उभं राहून उजवा हात, डावा हात, उजवा पाय, डावा पाय असे आठ-आठ वेळा झटकायचे. मग चार वेळा, मग दोन, मग एक. आकडे सगळ्यांनी मोठ्यानं आणि एका लयीत म्हणायचे. गोलातल्या प्रत्येकाकडे एकदा तरी पाहायचं, एवढी एक अट घातली की हा साधा व्यायामही कामाला लागतो. आवाजासाठी ओठ मिटून ‘म्’चा गुंजारव, मग हळूहळू तोंड उघडत स्वर, मग ‘चटईला टाचणी टोचली’सारखं एखादं जिभेची परीक्षा घेणारं वाक्य आधी सावकाश, मग भरभर. घसा ताणून ओरडायचं कारण नाही. प्रयोगात तोच घसा लागणार आहे. कुणाचा गुडघा किंवा पाठ दुखत असेल तर त्यानं बसून करावं. ते मोकळेपणानं सांगता येईल, असं वातावरण ठेवणं ही खेळ घेणाऱ्याची जबाबदारी.

यानंतर खरा भाग सुरू होतो, तो देण्याघेण्याच्या खेळांचा. ‘झिप, झॅप, झॉप’ बहुतेकांना ठाऊक असतो. एकानं दुसऱ्याकडे टाळी सोडत ‘झिप’ म्हणायचं, त्यानं तिसऱ्याकडे ‘झॅप’, त्यानं चौथ्याकडे ‘झॉप’, आणि पुन्हा पहिल्यापासून. हा खेळ बहुधा वेगाच्या नादात वाया जातो. चुकला की बाहेर, असा नियम लावला की तो आणखी बिघडतो, कारण ज्यांना सरावाची सर्वांत जास्त गरज असते तेच आधी बाहेर बसतात आणि आत उरलेले जिंकण्यासाठी खेळू लागतात. बाहेर कुणालाच काढू नये. चूक झाली की सगळ्या गोलानं हात वर करून आनंदानं ‘पुन्हा!’ म्हणावं आणि ज्याच्याकडून चूक झाली त्यानंच पुढची झिप सोडावी. चूक झाल्यावर खांदे पडू न देता लगेच पुढे जाणं, हे रंगमंचावर लागणारं कौशल्य इथे अंगवळणी पडतं. आणि टाळी सोडण्याआधी ज्याच्याकडे सोडायची त्याच्या डोळ्यांत पाहणं हा खेळातला सर्वांत महत्त्वाचा क्षण. सोडलेली टाळी त्याला पोचली की नाही, हे बघूनच आपली नजर काढायची.

मला त्याहून जवळचा वाटतो तो आवाजाचा चेंडू. हातात चेंडू आहे असं समजून तो फेकायचा आणि फेकताना तोंडानं एक आवाज काढायचा, ‘फुर्रर्र’ म्हणा, ‘टॉक’ म्हणा, काहीही. ज्याच्याकडे चेंडू गेला त्यानं तो झेलताना तोच आवाज, त्याच चढउतारासकट काढायचा. मग स्वतःचा नवा आवाज काढत पुढे फेकायचा. झेलताना तोच आवाज काढणं यातच सगळा खेळ आहे, आणि नेमकं तेवढंच लोक गाळतात. गोलात उभे असलेल्यांचे चेहरे नीट पाहा. ज्यानं आपला आवाज आधीच योजून ठेवलेला असतो त्याची नजर किंचित वर असते, ओठ आधीच आकार घेत असतात आणि तो समोरचा चेंडू अर्धवट झेलून आपला फेकण्याची घाई करतो. हाच नट सीनमध्ये जोडीदाराचं वाक्य संपण्याची वाट बघत असतो, ऐकत नसतो. त्याला टोकू नये. सगळ्यांना उद्देशून ‘आधी पूर्ण झेला, मग फेका’ एवढंच म्हणावं. दोन फेऱ्यांत फरक दिसतो.

चेंडूचा वजनदार दगड करा, पीस करा, गरम बटाटा करा. वजन एकानं ठरवलं की गोलातल्या सगळ्यांनी ते पाळायचं. सीनमध्ये एकानं दाराची मूठ जिथे दाखवली तिथेच दुसऱ्यानं ती धरायची असते, त्याची ही पूर्वतयारी.

‘एक ते वीस’ हा खेळ बाहेरून पाहणाऱ्याला अगदी बाळबोध वाटेल. सगळ्यांनी जवळ-जवळ उभं राहायचं, नजर जमिनीवर. कुणीतरी ‘एक’ म्हणायचं, आणखी कुणीतरी ‘दोन’. क्रम ठरलेला नाही, खूण करायची नाही. दोघं एकदम बोलले की पुन्हा एकपासून. वीसपर्यंत पोचायचं. पहिल्यांदा खेळणारा ग्रुप पाच-सहाच्या पुढे सहसा जात नाही, आणि मग पळवाटा निघतात. कुणी डावीकडून उजवीकडे असा क्रम लावून देतं. कुणी सलग तीन-चार आकडे स्वतःच म्हणून टाकतं. दोन-तीन जण चुकायला नको म्हणून तोंडच उघडत नाहीत. या तिन्ही गोष्टी ओळखून ठेवा, कारण त्या-त्या व्यक्तीचा रंगमंचावरचा स्वभाव तोच असतो. खेळ घेणाऱ्यानं सुरुवातीला सगळ्यांना तीन श्वास एकत्र घ्यायला सांगावं. आकड्याच्या मागे लागू नये. शांततेला घाबरून बोलायचं नाही आणि बोलावंसं वाटलं तर अडवायचंही नाही, हे साधलं की एखाद्या दिवशी ग्रुप वीसपर्यंत आरामात जातो. प्रयोगाच्या दिवशी याला तीन मिनिटांची मर्यादा असावी. अकरावर थांबलात तरी चालेल. चिडून वीस गाठण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आरशाचा खेळ स्पोलिन यांच्या कामात मध्यवर्ती आहे आणि प्रयोगाआधी एकच खेळ घ्यायची मुभा असेल तर मी तोच घेईन. दोघं समोरासमोर उभे राहतात. एक हालचाल करतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब होतो. थोड्या वेळानं बाहेरून ‘बदला’ असा आवाज आला की भूमिका बदलतात, हालचाल मात्र थांबत नाही. हा बदल हळूहळू जवळजवळ येऊ लागतो आणि शेवटी सूचना येते की आता पुढाकार कुणाचाच नाही, दोघांनीही प्रतिबिंबच व्हायचं. या टप्प्यावर एखादी लहानशी अनवधानानं झालेली हालचाल, खांदा थोडा उतरणं, बोट जरासं हलणं, दुसरा उचलतो; त्यानं उचललेली पहिला पुन्हा उचलतो; ती वाढत जाते आणि कुणीही सुरू न केलेली एक हालचाल दोघांच्या मध्ये तयार होते. चांगला सीन असाच तयार होतो. दोघांपैकी कुणालाही तो सुचलेला नसतो.

आरशाच्या खेळात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे गती. जोडीदाराला चकवण्यासाठी झटकन हात फिरवण्याचा मोह होतो. तसं झालं की खेळाची शर्यत होते. बाहेरून पाहणाऱ्याला पुढे कोण आणि मागे कोण हे ओळखता येऊ नये, इतकी सावकाश हालचाल हवी. दुसरी गोष्ट नजर. हात हलतो तिकडे नजर नेऊ नये, ती समोरच्याच्या डोळ्यांवर ठेवावी. बाकीचं शरीर नजरेच्या कडेनं दिसतं. नव्या मुलांना एवढा वेळ कुणाच्या डोळ्यांत पाहण्याचा संकोच वाटतो, हसू येतं. हसू आलं तर आरशानं तेही दाखवावं. मिनिटभरात ते ओसरतं.

याच जातीचा, पण सगळ्यांचा मिळून खेळ म्हणजे चालणं-थांबणं. सगळे मोकळ्या जागेत सगळीकडे चालतात. कुणीही एक जण थांबला की सगळ्यांनी थांबायचं. कुणी चालू लागला की सगळ्यांनी चालायचं. तोंडी सूचना नाही. सुरुवातीला थांबणं लाटेसारखं पसरतं. नंतर ते एका क्षणावर येऊ लागतं. हा खेळ ज्यांना अवघड वाटेल त्यांनी शाळेच्या सहलीत खेळलेला तो खेळ आठवावा: एकाला बाहेर पाठवायचं, आतल्या एकाच्या हालचाली सगळ्यांनी उचलायच्या आणि बाहेरून आलेल्यानं म्होरक्या कोण ते ओळखायचं. स्पोलिन यांच्या पुस्तकातही हा खेळ आहे. आपल्या लहानपणच्या खेळांकडे इम्प्रॉव्हवाल्यांनी या नजरेनं पुन्हा पाहावं, त्यात बरंच काही सापडेल.

आता शब्द. एकेका शब्दाची गोष्ट हा खेळ इंग्रजी ग्रुपांतून आपल्याकडे आला, पण मराठीत तो जास्त कसाचा होतो, हे आपल्या ग्रुपांनी ओळखायला हवं. गोलात प्रत्येकानं एकच शब्द बोलायचा आणि सगळ्यांची मिळून गोष्ट पुढे न्यायची. ‘काल’, ‘आजीनं’, ‘गच्चीवर’, ‘एक’, ‘घुबड’... आता क्रियापद पुढच्याकडे आहे. इंग्रजीत क्रियापद वाक्यात आधीच येऊन गेलेलं असतं. आपल्याकडे बहुधा शेवटच्या माणसापर्यंत आजीनं घुबडाचं काय केलं हे उघडच राहतं. शिवाय त्याला ‘पाहिलं’ म्हणावं लागतं. ‘पाहिली’ म्हणाला तर तो आजीवर अडकला होता, घुबडापर्यंत पोचलाच नाही, हे सगळ्यांना कळतं. लिंग, वचन, विभक्ती सांभाळायची तर मागचं प्रत्येक अक्षर ऐकावं लागतं. ‘एक’, ‘आणि’, ‘की’ असले बिनमहत्त्वाचे शब्द वाट्याला आले की लोक खट्टू होतात आणि त्यांच्या जागी काहीतरी चमत्कारिक शब्द टाकतात. तसं करू देऊ नये. ‘आणि’ वेळेवर आणि मनापासून म्हणणारा माणूस ग्रुपला फार मोलाचा असतो. एक गोष्ट सात-आठ वाक्यांत संपवा, लांबवू नका.

‘हो, चला!’ हा खेळ शेवटाकडे घ्यावा. एक जण म्हणतो, ‘चला, आंबे उतरवू या!’ सगळे ‘हो, चला!’ म्हणतात आणि लगेच आंबे उतरवू लागतात. इथे सूचना दर दोन सेकंदांनी बदलत राहिली तर नुसता दंगा होतो. आधीची कृती जरा मुरू द्यावी. कुणी झाडावर चढतं, कुणी जाळी लावलेली काठी सरसावतं, कुणी खाली पेंढा पसरून करंडी लावतं, कुणाच्या हाताला चीक लागतो. जग असं भरू लागलं की मग दुसऱ्यानं पुढची हाक द्यावी. होकाराचा अर्थ नुसता मान डोलावणं नाही, मिळालेल्या गोष्टीत स्वतःची भर घालणं आहे, आणि ते अंगानं केल्याशिवाय कळत नाही.

यातले कोणते खेळ कोणत्या दिवशी घ्यायचे? ग्रुपकडे पाहून ठरवा. मंडळी ऑफिस संपवून, लोकलचे धक्के खाऊन आलेली असतील तर चालणं-थांबणं आणि आवाजाचा चेंडू घ्या. प्रयोग हाउसफुल्ल आहे म्हणून सगळे आधीच उसळत असतील, तर आणखी उड्या मारायला लावू नका; आरसा आणि ‘एक ते वीस’ त्यांना जमिनीवर आणतात. ठरलेली यादी रोज तशीच राबवणाऱ्या ग्रुपात खेळ हातानं होतात, मन दुसरीकडे असतं.

खेळ घेणारा एकच असावा आणि दर प्रयोगाला तो बदलावा. त्यानं नियम थोडक्यात सांगावेत. समजावण्यात दोन मिनिटं गेली तर खेळ निवडण्यातच गडबड झाली. खेळ चालू असताना न थांबवता बाहेरून छोट्या सूचना द्याव्यात: ‘सावकाश’, ‘डोळे’, ‘पूर्ण झेला’. स्पोलिन याच पद्धतीनं शिकवत. खेळ रंगात असतानाच थांबवावा. कंटाळा यायला लागल्यावर थांबवलेला खेळ थकवा ठेवून जातो. आणि प्रयोगाच्या दिवशी कुणाच्याही खेळावर टीका-टिप्पणी नको. तुला ऐकायची सवय नाही, असं प्रयोगाआधी दहा मिनिटं ऐकलेला नट रंगमंचावर स्वतःलाच पाहत बसतो. ते तालमीत बोलावं. नवा, अवघड नियमांचा खेळ, खासगी आठवणी काढायला लावणारे खेळ, हेही तालमीसाठी ठेवावेत. स्पर्श असलेला कोणताही खेळ घेण्याआधी सगळ्यांना विचारावं, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नये.

बऱ्याच छोट्या रंगमंचांवर विंग आणि प्रेक्षक यांच्या मध्ये एक पडदाच असतो. पहिली घंटा झाली की आवाज करता येत नाही. अशा वेळी नजरेनं जागा बदलण्याचा खेळ कामी येतो: गोलात कुणाच्या तरी डोळ्यांत पाहायचं, त्यानंही पाहिलं की दोघांनी न बोलता एकमेकांची जागा घ्यायची. एका वेळी एक जोडी, मग दोन, मग तीन, धक्का न लागता. थोडीशी मोकळी जागा असली तरी जमतो. दुसऱ्या घंटेला, शिकागोच्या परंपरेतले अनेक ग्रुप करतात तसं, प्रत्येकानं प्रत्येकाच्या पाठीवर हलकीशी थाप मारून ‘मी आहे’ असं सांगावं. कुणाला स्पर्श नको असेल तर नजरेनं सांगावं. घाईत उरकू नये, कुणी सुटू नये.

काही कारणानं पाचच मिनिटं मिळाली तर अंग एकदा झटका, आवाजाच्या चेंडूची प्रत्येकाला एक-एक पाळी द्या, तीन श्वास एकत्र घ्या आणि ‘मी आहे’ सांगून मोकळे व्हा.

राहता राहिला उशिरा पोचणारा. गाडी चुकलेली असते, पाऊस असतो, पूल बंद असतो. दर दोन-तीन प्रयोगांमागे कुणी ना कुणी दुसऱ्या घंटेला घामाघूम होऊन येतं. त्याच्यावर रागावण्याची ही वेळ नव्हे, आणि त्याच्यासाठी सगळं पुन्हा करायलाही वेळ नसतो. ग्रुपातल्या एकानं त्याला बाजूला घ्यावं, पाणी द्यावं आणि त्याच्याबरोबर मिनिटभर आरसा खेळावा. प्रवासाची कहाणी नंतर. बाकीच्यांनी एकेक करून त्याच्या नजरेला नजर द्यावी. पहिल्या सीनला त्याला आत पाठवू नका. विंगेतून त्यानं जोडीदारांची नावं, नाती, कोण कुठून आलं हे कान देऊन ऐकावं, आणि दुसऱ्या सीनला कुणीतरी त्याच्यासाठी एन्ट्री मोकळी ठेवावी.